भिडूसाठी काय उरलं? डार्ट्सचा सांघिक विश्वचषक सोप्या भाषेत

जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला डार्ट्सचा विश्वचषक झाला. इंग्लंडकडून ल्यूक हम्फ्रीज आणि ल्यूक लिटलर उतरले होते. हम्फ्रीज तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिला होता, लिटलर दुसरा. हम्फ्रीज २०२४ चा जगज्जेता, लिटलर २०२५ चा, तोही वयाच्या सतराव्या वर्षी झालेला. समोर जर्मनीचे मार्टिन शिंडलर आणि रिकार्डो पीट्रेच्को होते. इंग्लंडची जोडी आपला पहिलाच सामना ४-८ अशी हरली आणि स्पर्धेतून बाहेर पडली.

निकाल ऐकला की पहिला विचार येतो तो नशिबाचा. त्या दिवशी हात चालला नसेल, असंही वाटतं. तेही होतंच. पण या स्पर्धेचा खेळ नीट पाहिला तर कळतं की जगातले पहिले दोन खेळाडू एकत्र आले म्हणजे जगातली पहिली जोडी तयार झाली, असं इथे मुळीच नसतं. यामागचं कारण खेळाच्या हिशोबातच दडलेलं आहे. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की डार्ट्सचा सामना बघण्यात जी मजा येते, ती मला फार कमी खेळांत येते. म्हणून हा लेख.

वैयक्तिक खेळातलं सांघिक पदक म्हणजे काय, हे नागपूरकरांना नव्यानं सांगायला नको. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ओजस देवतळेनं तिरंदाजीत वैयक्तिक, पुरुष सांघिक आणि मिश्र सांघिक अशी तीन सुवर्णपदकं आणली. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर खेळली, संघाला सुवर्ण मिळालं आणि तिलाही स्वतःचं सुवर्ण मिळालं. या दोन्ही खेळांत संघ असला तरी प्रत्येकाचं काम वेगळं ठेवलेलं असतं. तिरंदाज आपापले बाण मारतात, गुण शेवटी बेरजेत येतात. बुद्धिबळात तर शेजारच्या पटावर काय चाललंय याचा तुमच्या घोड्याशी काही संबंध नसतो.

डार्ट्सच्या दुहेरीत मात्र दोघांच्या नावावर मिळून एकच आकडा असतो. माझं फेकून झालं की उरलेला आकडा माझ्या भिडूच्या हातात जातो. चांगला उरला तर त्याचं भलं, वाईट उरला तर तो निस्तरायला तोच.

आधी बोर्ड समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. डार्ट्सचा बोर्ड ४५१ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा मध्य, म्हणजे बुल, जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असतो आणि फेकणारा बोर्डाच्या दर्शनी भागापासून २.३७ मीटरवर उभा राहतो. बोर्डाला वीस फाका असतात, त्यांना १ ते २० आकडे दिलेले असतात, पण ते ओळीनं नाहीत. सगळ्यात वर २०, त्याच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५. तळाच्या बाजूला १९, त्याच्या शेजारी ३ आणि ७. मोठ्या आकड्याला चिकटून लहान आकडे ठेवले आहेत, म्हणजे लोभाने नेम धरला आणि जरासा चुकला की लगेच दंड बसतो.

प्रत्येक फाकेत दोन बारीक पट्ट्या असतात. मधल्या पट्टीत डार्ट लागला तर आकडा तिप्पट, अगदी बाहेरच्या पट्टीत लागला तर दुप्पट. बोलताना याला ट्रिपल आणि डबल म्हणतात. ही पट्टी फक्त ८ मिलिमीटर रुंद असते, साधारण एका पेन्सिलीच्या जाडीएवढी. अगदी मधल्या बुलला ५० गुण, त्याभोवतीच्या कड्याला २५. ट्रिपल २० म्हणजे ६०, त्यामुळे तीन डार्टमध्ये जास्तीत जास्त १८० होतात. टीव्हीवर प्रेक्षक ज्या आकड्याची पाटी उंचावून नाचतात तो हाच.

जाता जाता नवख्यांसाठी एक गोष्ट. सुरुवातीला सगळे २० वर मारतात. २० आणि त्याचे दोन शेजारी मिळून २६ होतात. बोर्डाच्या डाव्या बाजूला १४ आहे, त्याचे शेजारी ११ आणि ९, बेरीज ३४. हात अजून बसलेला नसेल तर डावी बाजू जास्त देते. वीसचा मोह हात बसल्यावर धरावा.

आता खेळ. सुरुवात ५०१ वरून होते. तीन डार्ट म्हणजे एक फेरी, त्या फेरीचे गुण ५०१ मधून वजा होत जातात. जो आधी बरोबर शून्यावर पोचेल त्याचा तो डाव, म्हणजे लेग. इथवर सोपं आहे. खरी अट शेवटच्या डार्टला असते, कारण तो डबलवरच लागायला हवा. ४० उरले असतील तर डबल २०, ३२ उरले असतील तर डबल १६. उरलेल्यापेक्षा जास्त गुण झाले, किंवा नेमका १ उरला, किंवा शून्य झालं पण डबलवर झालं नाही, तर अख्खी फेरी रद्द होते आणि आकडा फेरीच्या आधी होता तिथेच परत जातो.

या एका अटीमुळे डार्ट्स हा नेमाबरोबर गणिताचाही खेळ होतो. काही आकडे चांगले, काही वाईट ठरतात. ३२ हा सगळ्यांचा लाडका. डबल १६ चुकून साध्या १६ मध्ये लागला तर १६ उरतात, म्हणजे डबल ८. तोही चुकून साध्या ८ मध्ये गेला तर डबल ४. मग डबल २, मग डबल १. चुकत गेलात तरी पुढचा डार्ट डबलवर मारता येतो. उलट ३८ घ्या. डबल १९ चुकून साध्या १९ मध्ये लागला की १९ उरले. विषम आकडा. आता आधी एखादा विषम आकडा मारून हिशोब सम करायचा, मग डबल शोधायचा. एक डार्ट फुकट गेला.

तीन डार्टमध्ये संपवता येईल असा सगळ्यात मोठा आकडा १७०, म्हणजे ट्रिपल २०, ट्रिपल २० आणि बुल (बुलचे ५० हे २५ चं डबल धरतात). पण १७० च्या खालचे सगळे आकडे तीन डार्टमध्ये संपत नाहीत. १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हे सात आकडे काही केल्या जमत नाहीत. जगातला कुणीही असो, या आकड्यावर उभा राहिला की त्या फेरीत लेग जिंकूच शकत नाही. म्हणून चांगला खेळाडू हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करतो आणि त्यांच्यापासून लांब राहतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. प्रतापनगरमध्ये ओळखीच्यांच्या घरी हॉलमध्ये बोर्ड लावलाय, मागे प्लायवूड आणि वर एक फोकस. सुटीच्या दिवशी तिथे दोन-दोनच्या जोड्या खेळतात. निवृत्त बँकवाले एक काका आणि इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा पुतण्या एका जोडीत होते. काकांच्या हातात शेवटचा डार्ट, पाटीवर १८९. काकांनी सवयीनं २० कडे नेम धरला. पुतण्या मागून म्हणाला, “काका, १९ वर मारा.”

“काहून? वीस चांगलं चालून राहिलं ना माझं.”

“ट्रिपल लागला तर ठीकच आहे. पण सिंगल लागला तर १६९ राहते. मग मी का करू त्याचं?”

काकांनी १९ वर मारला. ट्रिपल नाही लागला, साधा १९ लागला. पाटीवर १७० आले. पुतण्या काही तिथून १७० संपवणार नव्हता, त्या खोलीत कुणीच संपवला नसता. पण दोघंही कसे विचार करत होते ते बघा. जास्तीत जास्त डार्ट ट्रिपलच्या जरा आजूबाजूला, साध्या भागातच लागतात, म्हणून चुकलो तर काय उरेल हे आधी बघायचं. एक गुण कमी घेतला आणि भिडूसाठी दार उघडं राहिलं. फ्रँकफर्टच्या मंचावरही १८९ उरले आणि एकच डार्ट हातात असला, की हाच विचार होतो.

दुहेरीत फेकायचा क्रम ठरलेला असतो. आधी आपल्यातला एक, मग समोरच्यांचा एक, मग आपला दुसरा, मग समोरच्यांचा दुसरा. कॅरमची दुहेरी खेळलेल्याला हे समजावून सांगावंच लागणार नाही. तिथेही समोर बसलेल्या भिडूच्या सोंगट्या आपल्याच असतात, आपण घालवू शकलो नाही तर निदान त्याला सोपी पडेल अशी सरकवून ठेवतो, आणि मधल्या वेळात शेजारचा येऊन सगळं बिघडवून जातो.

एक लेग सावकाश पाहू. आपल्या जोडीचा पहिला भिडू १४० मारतो, उरले ३६१. समोरचा फेकतो. आपला दुसरा १०० मारतो, उरले २६१. समोरचा दुसरा फेकतो. मग पुन्हा पहिला, त्याचे होतात ८५. उरले १७६.

आता दुसऱ्याची पाळी. १७६ तीन डार्टमध्ये संपत नाहीत, त्यामुळे या फेरीत जिंकणं त्याच्या नशिबात नाही. भिडूसाठी मांडून ठेवणं एवढंच त्याचं काम आहे. पहिला डार्ट ट्रिपल २०, उरले ११६. दुसराही ट्रिपल २०, उरले ५६. तिसरा कुठे? साध्या १६ वर मारला तर ४० उरतील, म्हणजे डबल २०. साध्या २० वर मारला तर ३६ उरतील, म्हणजे डबल १८. दोन्ही फाका रुंद आहेत, दोन्ही जमण्यासारख्या. एकटा खेळत असता तर त्यानं स्वतःच्या आवडीचा डबल ठेवला असता, अर्धा सेकंदही विचार केला नसता. पण पुढची फेरी त्याची नाहीच. म्हणून त्याला आठवावं लागतं की भिडूचा हात कुठे बसलाय, बोर्डाच्या माथ्यावर की उजव्या बाजूला. शिवाय १६ चुकून शेजारच्या ८ मध्ये गेला तर ४८ राहतात, तेही चालण्यासारखे, पण ७ मध्ये गेला तर ४९.

समजा त्यानं ४० ठेवले. समोरच्यांची फेरी झाली, ते संपवू शकले नाहीत. आपला पहिला भिडू डबल २० वर उभा आहे. पहिला डार्ट पट्टीच्या बाहेर. दुसरा आत सरकला, साधा २०, उरले २०. तिसरा डबल १० वर मारला, तोही आत सरकला, साधा १०. उरले १०. त्याची फेरी संपली. समोरचे पुन्हा फेकणार, आणि त्यांतूनही वाचलो तर आपला दुसरा भिडू १० वर येणार, म्हणजे डबल ५. हा डबल सरावात फारसा कुणी मारत नाही. तो चुकून साध्या ५ मध्ये गेला तर हिशोब पुन्हा विषम. चाळीसचे दहा ज्यानं केले तो मागे उभा आहे, आणि दहाची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर आलीये.

मला दुहेरीतली ही जागा सगळ्यात जास्त आवडते. इथे दोघांची एकमेकांशी किती जानपहचान आहे ते उघडं पडतं. मागे उभ्या असलेल्या खेळाडूचा चेहरा पाहिला तरी कळतं.

जागतिक दर्जाचा खेळाडू एका फेरीत साधारण १०० गुण करतो. म्हणजे ५०१ संपायला पाच ते सहा फेऱ्या लागतात. पाच फेऱ्यांत संपलं तर पहिली, तिसरी आणि पाचवी फेरी लेग सुरू करणाऱ्या भिडूची, दुसरी आणि चौथी दुसऱ्याची. पाचवीत जमलं नाही तर सहावी दुसऱ्याकडे. म्हणजे एखादा भिडू लेगभर फक्त मांडणी करत राहतो आणि संपवायची संधी त्याला मिळतच नाही, किंवा अचानक मिळते.

याला आणखी एक बाजू आहे, ती टीव्हीवर चटकन लक्षात येत नाही. एकेरीत आपल्या दोन फेऱ्यांमध्ये समोरच्याचे तीन डार्ट जातात, की पुन्हा आपण. दुहेरीत मध्ये तीन जण फेकून जातात, म्हणजे नऊ डार्ट. डार्ट्स हा लयीचा खेळ आहे. पाय रेषेला लागले, कोपर वर गेलं, की हात आपोआप सुटला पाहिजे. एवढा वेळ नुसतं उभं राहिल्यावर ती लय परत धरणं अवघड असतं. ज्यांची फेक झपाझप असते, सगळा जोर सलग मोठे आकडे मारण्यावर असतो, त्यांना हे थांबणं जड जातं. लिटलर-हम्फ्रीजच्या पराभवाचं एकच एक कारण कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण दोन थोर एकेरी खेळाडू जोडी म्हणून साधारण का दिसू शकतात, ते यातून समजतं.

उलटी उदाहरणंही आहेत. २०१७ मध्ये सिंगापूरच्या पॉल लिम आणि हरिथ लिम यांनी स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत स्कॉटलंडला घरी पाठवलं. स्कॉटलंडकडून गॅरी अँडरसन आणि पीटर राइट खेळत होते. अँडरसन तोवर दोनदा जगज्जेता झालेला. पॉल लिमचा जन्म १९५४ चा, म्हणजे तेव्हा साठी ओलांडलेला माणूस. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासात नऊ डार्टमध्ये ५०१ संपवणारा पहिला खेळाडू तोच, १९९० साली. ५०१ साठी नऊपेक्षा कमी डार्ट लागूच शकत नाहीत, त्यामुळे त्याला परिपूर्ण लेग म्हणतात.

आणि ज्या २०२५ च्या स्पर्धेत इंग्लंड लवकर गारद झालं, ती जिंकली उत्तर आयर्लंडनं. जोश रॉक आणि डॅरिल गर्नी ही जोडी. अंतिम सामन्यात समोर वेल्सचे गर्विन प्राइस आणि जॉनी क्लेटन होते. या दोघांनी २०२० आणि २०२३ मध्ये हाच चषक जिंकला होता, आणि दोघांना एकमेकांचा खेळ पाठ आहे. सामना ९-९ पर्यंत गेला आणि शेवटच्या लेगमध्ये १०-९ असा सुटला.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगवेगळे का, असा प्रश्न हमखास येतो. फुटबॉलप्रमाणे डार्ट्समध्येही हे चौघे स्वतंत्र संघ म्हणून उतरतात.

स्पर्धेची रचना थोडक्यात सांगते. व्यावसायिक डार्ट्स चालवणारी पीडीसी ही संस्था हा विश्वचषक भरवते. पहिला २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या हाउटेनला झाला आणि यजमानांनीच जिंकला. २०२२ पर्यंत एकेरी आणि दुहेरी यांची सरमिसळ असायची, त्यामुळे एखादा दादा खेळाडू एकेरीच्या जोरावर संघाला ओढून नेऊ शकत होता. २०२३ पासून फक्त दुहेरी ठेवली. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय. त्यामुळे स्पर्धेला स्वतःचा चेहरा मिळाला, नाहीतर एकेरीच्या इतक्या स्पर्धांत ही आणखी एक झाली असती.

आता ४० देश असतात. क्रमवारीनं पहिले ४ थेट दुसऱ्या फेरीत जातात. उरलेले ३६ देश तीन-तीनच्या १२ गटांत खेळतात आणि प्रत्येक गटातून एकच जोडी पुढे जाते. १२ आणि ४ मिळून १६, मग बाद फेरी. गटातला सामना ज्याचे आधी ४ लेग होतील त्याचा, बाद फेरीत ८ आणि अंतिम सामन्यात १०. गटात तीनच संघ असल्यामुळे तिघंही एकेक सामना जिंकू शकतात, आणि मग जिंकलेल्या-हरलेल्या लेगचा फरक मोजला जातो. म्हणून हरणारी जोडीही एकेका लेगसाठी शेवटपर्यंत झगडते.

याहून जुना एक सांघिक विश्वचषकही आहे. जागतिक डार्ट्स महासंघानं तो १९७७ मध्ये सुरू केला. त्यात एकेरी, दुहेरी आणि चौघांचा संघ असे वेगवेगळे प्रकार असतात. हौशी खेळाडूंच्या दृष्टीनं त्याचं मोल मोठं आहे, पण टीव्हीवर गाजतो तो पीडीसीचा.

भारताची जोडीही पीडीसीच्या विश्वचषकात उतरलेली आहे. नितीन कुमार हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही ते खेळले आहेत. आपल्याकडे या खेळाला ना मोठे क्लब ना शाळांतून सराव, त्यामुळे जो तिथवर पोचतो तो स्वतःच्या हिमतीवर. मला याबद्दल मनापासून वाटतं की नागपूरसारख्या शहरात, जिथे मोहल्ल्यामोहल्ल्यात कॅरमचे बोर्ड आहेत आणि जिथला ओजस तिरंदाजीत जगज्जेता झाला, तिथे हा खेळ सहज रुजेल. जागा जेमतेम तीन मीटर लागते. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते तेव्हा घरातल्या घरात खेळता येतो.

घरी लावणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. २.३७ मीटर हे अंतर भिंतीपासून मोजायचं नाही, बोर्डाच्या दर्शनी भागापासून मोजायचं. बोर्ड आणि मागचा प्लाय यांची जाडी चार-पाच सेंटीमीटर सहज होते, आणि तेवढ्यानं हाताचा अंदाज चुकतो. दुसरं, कूलरचा झोत बोर्ड आणि रेषेच्या मधून जाऊ देऊ नका. हलके डार्ट त्यात हमखास भरकटतात.

चौघं जमलात की थेट दुहेरीच खेळा, आणि सुरू करण्याआधी भिडूला त्याचा आवडता डबल विचारून घ्या. पाटीवर आकडा ६० च्या आसपास आला की फेकण्याआधी त्याच्याकडे एकदा वळून बघा. तो बोटांनी सांगेल, काय ठेवायचं ते.

सामने बघायचे असतील तर वेळ लक्षात ठेवा. जूनमध्ये फ्रँकफर्टला संध्याकाळचे ७ वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. बाद फेरीच्या सामन्याला जरा उशीर झाला तरी चालतं. गटातला सामना मात्र जास्तीत जास्त सात लेगचा, त्यामुळे भारताची जोडी खेळणार असेल त्या रात्री जेवणं आधीच आटपून घ्या.